पाठीतील सुईचे भय आणि मज्जारज्जूची रचना

घरातील कोणास तीव्र ताप आला, मान ताठली, उलट्या व गुंगी सुरू झाली आणि डॉक्टरांनी 'पाठीतील पाणी काढून तपासावे लागेल' असे सांगितले, की घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. पाठीत सुई टोचली की पाय लुळे पडतात, ही समजूत आपल्या मराठी घरांत, मग ती इंदूरची असोत वा बेळगावची, अद्याप रुजलेली आढळते. होकार देण्यात जो वेळ जातो, तो मेंदूच्या आवरणांस सूज आलेल्या रोग्यास फार महाग पडू शकतो. या भयाचे उत्तर आपल्याच कण्याच्या रचनेत आहे. ती रचना येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आपला कणा जन्मतः सुमारे 33 मणक्यांचा असतो. मानेत 7, पाठीत 12, कमरेत 5. त्याखालील 5 मणके पुढे एकजीव होतात आणि अखेरच्या चारांचे माकडहाड बनते. मणक्यांची छिद्रे एकावर एक येऊन जी नळी तयार होते, तिच्यात मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू सुरक्षित असतो. जाडीला करंगळीएवढा, लांबीला सुमारे 45 सेंटिमीटर आणि वजनाला तीन तोळ्यांच्या आसपास, असा हा नाजूक दोर होय. त्यावर तीन आवरणे असतात. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान नितळ द्रव खेळत असतो. लोक ज्याला 'पाठीतील पाणी' म्हणतात, ते हेच.

या रज्जूपासून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात : मानेच्या 8, पाठीच्या 12, कमरेच्या 5, त्याखालील 5 आणि माकडहाडाची 1. प्रत्येक तंतूला दोन मुळे असतात. मागील मुळातून स्पर्श, वेदना, उष्णता यांची वार्ता आत जाते. पुढील मुळातून स्नायूंना हालचालीची आज्ञा बाहेर येते. चार्ल्स बेल यांनी 1811 मध्ये आणि फ्रान्स्वा माझांदी यांनी 1822 मध्ये केलेल्या प्रयोगांतून ही कामाची वाटणी उजेडात आली. प्रत्येक जोडीचा मुलूखही ठरलेला असतो. अंगठ्याची संवेदना मानेच्या सहाव्या तंतूकडे, तर बेंबीभोवतालची पाठीच्या दहाव्या तंतूकडे असते. म्हणूनच त्वचेवर टाचणी टोचून पाहताना डॉक्टरांना बिघाड कोणत्या पातळीवर आहे, याचा अंदाज येतो.

आता मुख्य गोष्ट. मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही! गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. पुढे कणा झपाट्याने वाढतो, रज्जू त्या मानाने मागे पडतो. आणि वरचे टोक मेंदूशी जखडलेले असल्याने खालचे टोक वर सरकल्यासारखे होते. जन्माच्या वेळी ते कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या सुमारास असते. प्रौढपणी बहुधा पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच थांबते. त्याखाली नळीत उरतात ते केवळ खालच्या तंतूंचे लांबलचक धागे. घोड्याच्या शेपटीसारखे दिसतात म्हणून त्यांस अश्वपुच्छ असे नाव पडले.

डॉक्टर सुई घालतात ती याच भागात. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची वरची कड बोटांनी चाचपून त्यांना जोडणारी रेषा मनात आखली, की ती साधारण चौथ्या मणक्यावर येते. तिच्या वर किंवा खाली, मणक्यांच्या फटीतून, सुई आत जाते. तेथे रज्जू नसतोच. पाण्यात सोडलेले सुटे दोरे सुईने जसे बाजूला सरतात, तसे हे धागेही बहुधा सरकतात. कील येथे हाइनरिख क्विंके यांनी 1891 मध्ये ही पद्धत वर्णिली. तेथेच 1898 मध्ये आउगुस्ट बीअर यांनी याच मार्गाने औषध घालून कमरेखालचा भाग बधिर केला. आज सिझेरियन बाळंतपणात हाच मार्ग नित्याचा आहे. औषधाने पाय काही तास जड होतात आणि पुन्हा हलू लागतात. तेवढ्या वेळातील बधिरतेनेच बहुधा 'लुळेपणा'च्या गोष्टींना खतपाणी मिळते.

काढलेल्या पाण्याचीही चिंता नको. प्रौढ शरीरात हा द्रव एकंदर सुमारे 150 मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो. तपासणीसाठी लागणारे काही मिलिलिटर थोड्या तासांत भरून निघतात.

तरीही हा उपाय सर्वस्वी निर्धोक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. काहींना नंतर डोके दुखते, विशेषतः उठून बसल्यावर. टोचल्या जागी काही दिवस दुखरेपणा राहतो. मेंदूत दाब वाढला असल्यास, रक्त गोठण्यात दोष असल्यास वा टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास डॉक्टर सुई लांबणीवर टाकतात किंवा टाळतात. मात्र सुई लांबली म्हणून औषधही लांबवावयाचे नसते. रोग्यास रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर घरच्यांनी ती आपणहून सांगावीत. शंका अवश्य विचाराव्यात, परंतु शेजारी ऐकलेल्या गोष्टीवरून नकार देऊ नये. पाण्याच्या त्या थेंबांवरूनच रोग जंतूंचा की विषाणूंचा, कोणते औषध चालवायचे, हे पुष्कळदा ठरते.