ग्रामसभेत कोण बोलतं?

यंदा 1 मेच्या ग्रामसभेत खुर्चीवर सरपंचबाई होत्या आणि बोलत होते त्यांचे यजमान. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1999 च्या 1 मेलाच. जिल्ह्याच्या वाढदिवशी हे पाहावं लागलं आणि सभेत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, हे फार झोंबलं.

पंचायतीतल्या बायकांच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. 73 व्या घटनादुरुस्तीमुळे 1993 नंतर बायका पंचायतीत आल्या, पण बहुतेक ठिकाणी सहीपुरत्याच. चार बायका जमल्या की नुसता गलका, असं म्हणणारी पुरुषमंडळी सभेत मात्र इतरांना बोलू देत नसत. रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात उभं राहून मजुरीचा दर वाढवून घेणाऱ्या बायका सभेत मागच्या सतरंजीवर मुकाट बसायच्या.

माझ्या मनात घर करून आहे ते साधारण 2003 ते 2013 हे दशक. बचत गटात महिन्याचा हिशेब मांडता मांडता बायकांची भीड चेपली. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातली तरतूदही कामी आली. मग दारूबंदीचं मतदान आलं, उभी बाटली (दारू सुरू) की आडवी (बंद). बंदीसाठी हजर असलेल्यांपैकी नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागायची. त्यामुळे घरोघरी जाऊन बोलावंच लागे. एका सभेत एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "मले बोलाचं हाय. तुमी बसा." पुढची रांग हसली. ती हलली नाही. घरातल्या मारहाणीपासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं तिने सभेपुढे मांडलं.

तिला भांडकुदळ म्हणणारे तेच लोक तसाच आवाज चढवणाऱ्या तरुणाला तडफदार म्हणत. हा अन्याय मी तेव्हाही लिहिला होता, आजही लिहितो. बायका जास्त बोलतात हा समज मोजून पाहिलेला आहे: 2007 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या मॅथियास मेहल यांच्या अभ्यासात विद्यार्थी आणि विद्यार्थिनी दोघांचेही दिवसाला सुमारे 16 हजार शब्द भरले. फरक पडतो तो कुणाचं ऐकलं जातं यात.

2011 मध्ये राज्यातल्या पंचायतींत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 999 बायका होत्या. जागाही बरोबरीच्या, संख्याही बरोबरीची. आवाज मात्र पुढच्या वर्षांत ओसरत गेला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरपंचबाईंचं नाव असतं, नंबर यजमानांचा. प्रोसिडिंग बुकात सूचक-अनुमोदक म्हणून पुरुषांची नावं येतात आणि बायकांसाठी एकच ओळ: 'उपस्थित महिलांनी संमती दिली.'

ग्रामसेवकांना माझी विनंती आहे. 15 ऑगस्टच्या सभेत जी बाई बोलेल तिचं नाव आणि तिचा मुद्दा बुकात लिहा. आणि सरपंचांच्या यजमानांनी त्या दिवशी गावकऱ्यांच्या रांगेत बसावं.