जुना ट्रॅक्टर घेताय? बिल मागा

जालना जिल्ह्यात भोकरदन-अंबडकडे जुना ट्रॅक्टर घेताना विक्रेता हमखास सांगतो, "इंजिन ओके आहे, डोळे झाकून न्या." महिनाभरात इंजिन ऑइल प्यायला लागतं, आणि मग तोच म्हणतो, "जुन्या मालाला कसली आलीय गॅरंटी?"

हे खरं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुन्या मालाच्या ग्राहकालाही लागू होतो. व्यापाऱ्याने केलेल्या दाव्याप्रमाणे माल नसेल, तर कायद्याच्या भाषेत तो 'दोष'च. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर घेणारा शेतकरीही ग्राहक ठरतो. पुन्हा विकण्यासाठी घेणारा मात्र नाही. जुना माल नवा म्हणून खपवणं, बिल नाकारणं, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत.

एक मर्यादा नीट समजून घ्या. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, तुम्ही वस्तू तपासून घेतली असेल, तर तपासणीत सहज दिसला असता अशा दोषाबद्दल गर्भित हमी (न सांगताही कायद्याने मिळणारी) मिळत नाही. झिजलेल्या टायरवरून भांडता येणार नाही. लपवलेल्या बिघाडावरून येईल. म्हणून इंजिनबद्दलचा शब्द बिलावरच लिहून घ्या. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही पाहा.

शेजाऱ्याकडून खासगीत घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक कायद्याचा मार्ग सहसा चालत नाही, कारण तो व्यापारी नसतो.

तक्रार दोन वर्षांत जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता परजिल्ह्यातला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा.