२०३८ : सेकंदांची मर्यादा

युनिक्स पद्धतीच्या संगणकात वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. हा आकडा ऋण-धन चिन्हासह ३२ बिटांत साठवला, तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, ही मर्यादा गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाईल.

६४ बिटांच्या संगणकांची फारशी चिंता नाही. खरी काळजी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींची. कारखान्यातली यंत्रे वीस-वीस वर्षे चालतात आणि त्यांच्या नियंत्रकात कोणती चिप आहे, हे सहसा कोणी तपासत नाही.

३२ बिटांच्या लिनक्समध्ये जुने सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कार्यप्रणालीकडे माहिती मागण्याचे ठरलेले मार्ग, बदलणे शक्य नव्हते. वेळेचा रकाना ४ बाइटांवरून ८ बाइटांचा झाला, की त्यामागचे सगळे रकाने सरकतात आणि जुने प्रोग्राम भलतीच माहिती वाचतात. म्हणून २०१९ मधील ५.१ आवृत्तीत ६४ बिटांचे नवे कॉल जुन्यांच्या जोडीला दिले गेले. तरीही प्रोग्राम नव्याने कंपाइल करावाच लागतो. मूळ कोड हाती नसेल तर तेही जमत नाही.

घड्याळ २०३८ च्या पुढे नेऊन चाचणी घेता येते. मात्र ती चालू यंत्रावर नको, सुट्या नियंत्रकावर घ्यावी. तारीख पुढे सरकताच सॉफ्टवेअरचे परवाने मुदतबाह्य ठरू शकतात.