जलशीतित संगणकातील प्रोसेसरचे तापमान

प्रोसेसर फार तापू लागला की पाणी अधिक वेगाने खेळवावे, अशी एक समजूत आहे. ती तपासून पाहणे अवश्य आहे. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत ती केवळ वाहून नेते. प्रोसेसर २०० वॅट उष्णता देत असून मिनिटास १ लिटर पाणी वाहत असेल, तर त्यावरून जाताना पाणी अवघे ३ अंश सेल्सिअस तापते. प्रवाह दुप्पट केल्यास ही वाढ फार तर दीड अंशाने घटेल.

यास्तव प्रथम पाण्याचेच तापमान मोजावे. पाणी ३५ अंश आणि प्रोसेसर ९० अंश असेल, तर दोष बहुधा प्रोसेसर व वॉटर ब्लॉक यांच्या संपर्कात असतो. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे १५ हजार पट असल्याने तेथे राहिलेला हवेचा सूक्ष्म थरही बाधक ठरतो. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी व स्क्रू समतोल आवळावेत. पंपात हवा अडकून प्रवाह जवळजवळ थांबला असल्यासही हेच लक्षण दिसते. म्हणून पंप मंडलाच्या सर्वोच्च स्थानी नसावा.

उलटपक्षी, पाणीच खोलीतील हवेहून पुष्कळ तापलेले असेल, तर रेडिएटरवरील धूळ व पंखे पाहावेत. तथापि रेडिएटर पाण्यास खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ही मर्यादा गाठल्यावर उष्णतेची निर्मितीच कमी करणे उरते : व्होल्टता १० टक्क्यांनी उतरविल्यास प्रोसेसरचा स्विचिंगमधील वीजव्यय सुमारे १९ टक्क्यांनी घटतो.