ओट्याचा दगड

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला असून, जवळच्या लेण्याद्रीची लेणी त्याच्यातच कोरली गेली. तथापि गावातल्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याची तजवीज करावयाची झाली, की दगड बहुधा परप्रांतातूनच येतो. थिजलेल्या लाव्ह्याला सपाट पदर नसल्यामुळे त्याच्या पातळ फरश्या सहजी सुटत नाहीत. उलट गाळाचे थर साचून घडलेले शहाबादी व कडप्पा हे चुनखडक पदरापदराने निघतात, आणि ग्रॅनाइटचे ठोकळे हिऱ्याच्या पात्यांनी चिरता येऊ लागले, तेव्हा तोही सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आला.

दगड निवडताना हा स्वभावभेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आम्लाने कडप्प्याची व संगमरवराची झिलई उतरते. गारेचा अंश असलेल्या ग्रॅनाइटवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून कडप्प्याच्या उभ्या फरश्यांचा आधार, त्यांवर कडप्प्याचीच आडवी लादी आणि तिच्यावर सिमेंटच्या मालात बसवलेला ग्रॅनाइट, ही आपल्याकडील रूढ रीत विचारपूर्वकच पडली आहे. दगडाखाली पोकळी राहिली, तर जड पातेले आदळताच तो तडकण्याचा संभव असतो. सिंकच्या पुढची अरुंद पट्टी तर सर्वांत नाजूक, आणि म्हणूनच लादी आडवी न धरता उभी उचलून न्यावी लागते. पाणसळ लावून सिंककडे किंचित उतार द्यावा, आणि पुढच्या कडेखाली बारीक खाच घ्यावी, म्हणजे ओघळ कपाटात शिरत नाही. दगड कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने कापणी पाण्याच्या धारेखाली, तोंडाला मास्क बांधून आणि शक्यतो घराबाहेर करावी.

ओट्याची उंची मात्र नकाशावरून ठरवू नये. जी व्यक्ती तेथे नित्य रांधणार, तिला उभे करून, तिच्या वाकवलेल्या कोपराच्या चार-सहा इंच खाली खूण करावी. एकदा बसलेला दगड पुन्हा हलवणे म्हणजे तो फोडणेच होय; यास्तव चौरस फुटाच्या दरावर घासाघीस करणाऱ्या गृहस्थाने तेवढीच आस्था या मापासाठी दाखवावी आणि कारागिराला एक दिवस जादा द्यावा, कारण त्या ओट्यापाशी घरातील कुणाचे तरी निम्मे आयुष्य उभ्याने जाणार असते.