कुत्रीला नर कधी दाखवायचा? उत्तर रक्त तपासणीत

मोताळा असो वा मुंबई, ‘रक्त दिसल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी नर दाखवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. पण काही माद्यांचं बीज सातव्याच दिवशी सुटतं, काहींचं विसाव्यानंतर. दिवस हुकला की पुढच्या माजासाठी साधारण सहा महिने थांबा!

इथे कामी येते प्रोजेस्टेरॉन चाचणी. हे हार्मोन बीज सुटण्याआधीच वाढू लागतं. म्हणून माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासतात, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. पातळी 2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास गेली की बीज सुटायला साधारण दोन दिवस उरतात. 5 च्या आसपास ते सुटतं. मात्र कुत्रीचं बीज सुटताना कच्चं असतं, ते पिकायला आणखी दोनेक दिवस लागतात. मिलनाचे खरे दिवस त्यानंतरचे.

दुसरा फायदा बाळंतपणात. बीज सुटल्यापासून साधारण 63 दिवसांनी पिल्लं होतात. तारीख आधीच माहीत असेल, तर अडलेल्या कुत्रीला वेळेत मोठ्या दवाखान्यात नेता येतं. तालुक्याच्या गावात हे जास्त मोलाचं.

आणि हो, ब्रीडरांसाठीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार मादी किमान 18 महिन्यांची हवी.