‘टायर फुटला’ या जबानीची उलटतपासणी

‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी या पाळण्याला दोरी होती ती बैलगाड्यांची. आज औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलांतून बाहेर पडणाऱ्या लोखंडी सळ्या, त्यांच्या भट्ट्यांसाठी मुलुखभरातून येणारे भंगार, बियाण्यांची पोती, मोसंबी आणि अंबड-घनसावंगीकडचा ऊस हा सारा पसारा मुख्यतः मालमोटारींच्या चाकांवर हलतो. साहजिकच टायर या वस्तूविषयी या जिल्ह्यात जितके अनुभवी लोक भेटतील तितके अन्यत्र क्वचितच भेटतील. आणि तरीही, किंबहुना कदाचित म्हणूनच, या वस्तूविषयीच्या काही समजुती येथे इतक्या पक्क्या रुजल्या आहेत की त्यांना हात लावणाऱ्याला चालकमंडळी ‘साहेब, तुम्ही गाडी कधी चालवली आहे का?’ असा रास्त प्रश्न विचारतात.

यांपैकी सर्वांत व्यापक समजूत अशी की टायर फुटणे हे अपघाताचे कारण असते, आणि ते दैवाधीन असल्यामुळे त्यापुढे चौकशीची गरज उरत नाही. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, जालना जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी त्यात दगावले, तेव्हा बचावलेल्या चालकाचे पहिले निवेदन ‘टायर फुटला’ हेच होते. परंतु अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात, घटनास्थळी फुटलेल्या टायरचे रबराचे तुकडे किंवा त्या प्रकारच्या घसटीच्या खुणा आढळल्या नसल्याचे नमूद झाले. टायर मुका असतो हे खरे, पण तो फुटला तर रस्त्यावर पुरावा टाकल्यावाचून फुटत नाही. आणि समजा, एखाद्या अपघातात तो खरोखरच फुटला असला, तरी तो त्या क्षणी का फुटला हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचे उत्तर बहुधा त्या क्षणात नसते, मागच्या कित्येक दिवसांच्या हयगयीत असते.

ती हयगय प्रामुख्याने हवेची. मराठवाड्याच्या वैशाखात पारा 42 अंशांच्या पुढे सरकला की अनेक चालक टायरमधली हवा दहा-पंधरा पौंडांनी उतरवतात. युक्तिवाद असा की उन्हाने हवा फुगते, फुगलेली हवा टायर फोडते, सबब आधीच थोडी काढून ठेवलेली बरी. हा युक्तिवाद वरवर इतका सुसंगत आहे की त्याने किती टायरांचा बळी घेतला असेल कोण जाणे. सकाळी 30 अंशांवर 120 पौंड हवा भरलेला टायर चालून चालून 70 अंशांपर्यंत तापला, तर दाब फार तर 137-138 पौंडांवर जातो, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. निरोगी टायर याच्या कित्येक पट दाब सोसू शकतो आणि ही वाढ त्याच्या रचनेत आधीच हिशेबात धरलेली असते. खरा शत्रू हवेचा दाब नव्हे, रबराचे तापणे हा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत जमिनीला टेकताना अधिक वाकते आणि वर जाताना पुन्हा ताठ होते. ट्रकचा दहा-वीस मापाचा टायर ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना मिनिटाला सुमारे 400 फेरे घेतो, म्हणजे त्या भिंतीचा प्रत्येक भाग मिनिटाला चारशे वेळा वाकतो; आणि बारीक तार बोटांत धरून मागेपुढे वाकवत राहिल्यास ती वाकलेल्या जागी गरम होऊन अखेर तुटते, तोच न्याय येथे लागू पडतो. रबर आणि त्यात गुंफलेल्या पोलादी तारा यांचा परस्परांशी असलेला बंध शंभर अंशांच्या पलीकडे झपाट्याने दुबळा होतो, पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग रस्त्यावर आपण पाहतो ती सोललेल्या सालीसारखी लांबच लांब काळी पट्टी पडते. तात्पर्य, उन्हाळ्यात हवा उतरविणारा चालक ज्या उष्णतेपासून टायर वाचवू पाहतो तीच तो स्वतः निर्माण करीत असतो. हवा मोजावी ती थंड टायरची, गाडी निघण्यापूर्वी. आणि तापलेल्या टायरमधून हवा तर कदापि सोडू नये, कारण तो थंड झाल्यावर दाब आवश्यकतेहून कितीतरी खाली गेलेला असतो.

आता ही हवा मोजायची कशाने? येथे टॉमीचा, म्हणजे टायर उघडण्याच्या लोखंडी दांड्याचा, प्रवेश होतो. ढाब्यावर गाडी उभी राहिली की क्लीनर टॉमीने एकेक टायर ठोकत फिरतो, आणि निघणाऱ्या आवाजावरून ‘बरोबर आहे’ असा निकाल देतो. त्याच्या कानाविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु त्या कानाला पूर्ण बसलेला टायर तेवढा कळतो, 120 आणि 90 यांतला फरक कळत नाही, आणि टायर मरतो तो नेमका याच अंतरात. मागच्या जोडटायरांची गोष्ट तर अधिकच कठीण. आतला टायर दिसत नाही, त्याच्या वॉल्व्हपर्यंत हात नीट पोहोचत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने तपासावाचून राहतो. त्यातली हवा उतरली की त्याच्या वाट्याचे ओझे शेजारचा बाहेरचा टायर निमूटपणे उचलतो, आणि काही दिवसांनी फुटतो तो हा बिचारा निरपराधच. मग दुकानदाराला बोल लावला जातो, कंपनीला शिव्या बसतात, आणि मूळ गुन्हेगार आत सुखरूप राहतो. शंभर-दोनशे रुपयांचा हवेचा काटा आणि आतल्या वॉल्व्हसाठी एक लांब नळी एवढ्या साहित्याने यातले बहुतेक प्रकार टळू शकतात.

समृद्धी महामार्गाविषयीही एक समजूत अशीच पसरली आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरची ही वाट पूर्ण झाली, आणि बदनापूर व जालना या तालुक्यांतून जाणाऱ्या तिच्या पट्ट्यामुळे येथल्या मालमोटारींचे वेळापत्रकच बदलले. तेव्हापासून ‘काँक्रीटचा रस्ता टायर फोडतो’ हे वाक्य चहाच्या टपऱ्यांवर सिद्धान्ताच्या थाटात उच्चारले जाते. काँक्रीटवर रबर थोडे अधिक झिजते हे मान्य करता येईल. पण निरोगी टायर केवळ काँक्रीटमुळे फुटत नाही. झाले आहे ते निराळेच. जुन्या रस्त्यावर गावे, गतिरोधक, फाटक, घाट आणि खड्डे यांनी, कोणी मागितली नसतानाही, टायराला वारंवार विश्रांती दिली होती. नव्या रस्त्याने ती काढून घेतली. तासन्‌तास एकसारख्या वेगाने धावताना उष्णता साचत जाते, आणि पूर्वी जो अर्धमेला टायर सिंदखेडराजाच्या बाजारात थांबून निवत असे तो आता न थांबता पुढे जाऊन फुटतो. रस्त्याने दोष निर्माण केला नाही, तो उघडकीला आणला.

रस्त्यावर संशय घेण्याची ही वृत्ती कोणत्या थराला जाते याचा नमुना सप्टेंबर 2025 मध्ये दिसला. छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाडा भागात रात्री काही गाड्यांचे टायर पंक्चर झाले, रस्त्यात ठोकलेल्या खिळ्यांची चित्रफीत घरोघरी पोहोचली, आणि ‘लुटारूंनी खिळे ठोकले’ ही वार्ता सकाळ होण्याआधी सर्वमान्य झाली. रस्ते विकास महामंडळाने खुलासा केला तो असा, की काँक्रीटमधील सूक्ष्म भेगा इपॉक्सीने भरण्यासाठी बसविलेली ती अ‍ॅल्युमिनियमची नॉझले होती. येथे वाटमारी नव्हती, कंत्राटी कामातील कसूर मात्र होती, आणि कसूर ही वाटमारीइतकी चमचमीत बातमी नसते.

ओझ्याचा विषय जालन्यात काढणे म्हणजे सळ्यांच्या गावात लोखंडाच्या वजनावर बोलणे. परंतु तो टाळून चालणार नाही. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भाराची कमाल मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली, आणि ‘पासिंग वाढले’ या आनंदात अनेकांनी असे गृहीत धरले की टायरचे पासिंगही आपोआप वाढले. आता टायरच्या भिंतीवरचा मजकूर वाचावा. दहा-वीस मापाच्या 16 प्लाय रेडियल टायरवर सामान्यतः 146/143 के असे लिहिलेले असते. यातला 146 हा आकडा एकट्या बसविलेल्या टायरसाठी असून त्याचा अर्थ 3000 किलो, 143 हा जोडीतल्या टायरसाठी असून त्याचा अर्थ 2725 किलो, आणि ‘के’ म्हणजे ताशी 110 किलोमीटरची वेगमर्यादा. जोडीतल्या चार टायरांची बेरीज होते 10,900 किलो, म्हणजे कायद्याने परवानगी दिलेल्या 11,500 किलोंपेक्षा 600 किलोंनी कमी! त्याच मापाचा, पण 149/146 असा भारांक असलेला 18 प्लायचा टायर घेतला तर बेरीज 12,000 होते आणि हिशेब जुळतो. तेव्हा बदली टायर घेताना ‘माप तेच आहे ना’ एवढे विचारून भागत नाही. भारांक विचारावा लागतो. ‘प्लाय’ या शब्दानेही गोंधळ होतो: 16 प्लाय म्हणजे आत सोळा थर असा समज सर्वत्र आहे, पण पोलादी रेडियलच्या सांगाड्यात पुष्कळदा एकच थर असतो, तो आकडा ताकदीची श्रेणी सांगतो, थरांची गणती नव्हे.

रिमोल्ड टायरला मात्र नाहक बदनामी लाभली आहे. रस्त्यावर पडलेली काळी पट्टी दिसली की ‘रिमोल्ड होता’ असे पाहणारा म्हणतो आणि पुढे जातो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने महामार्गांवरचे असे तुकडे गोळा करून तपासले, तेव्हा 2008 च्या त्यांच्या अहवालात निष्कर्ष निघाला तो असा की नवे आणि पुन्हा रबर चढविलेले टायर साधारणतः त्यांच्या वापराच्या प्रमाणातच फुटलेले होते. विमानांचे टायरही वारंवार रबर चढवून वापरले जातात, आणि त्यात बसणाऱ्याला ते ठाऊक नसते हे एका परीने बरेच. प्रश्न रबराचा नसून केसिंगचा, म्हणजे त्याखालच्या जुन्या सांगाड्याचा, आहे. ज्या केसिंगवर हवा कमी असताना मजल मारली गेली, ज्याच्या भिंतीत तारा उघड्या पडल्या, ज्याची जुनी पंक्चरे ओबडधोबड बुजविलेली आहेत, त्यावर उत्तमोत्तम रबर चढवूनही उपयोग नाही. चांगला रिट्रेडवाला ओळखावा तो त्याने नाकारलेल्या केसिंगांवरून. आणलेले सगळेच टायर जो मुकाट्याने ठेवून घेतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. पुढच्या स्टिअरिंग आसावर मात्र नवेच टायर असावेत, कारण तेथे फुटलेल्या टायरचा भार उचलायला शेजारी दुसरा नसतो. एकाच आसावर रेडियल आणि नायलॉन एकत्र बसविणे हाही असाच आत्मघातकी काटकसरीचा प्रकार.

नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, ही समजूत दोन्ही बाजूंनी फसवते. गोटा झालेला टायर बाद, यात वाद नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 94 व्या नियमाने ट्रकसाठी खाचांची किमान खोली 1.6 मिलिमीटर ठरविली आहे, आणि तिची खूण म्हणून खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. पण स्टेपनी म्हणून सहा-सात वर्षे चेसीखाली लटकलेल्या टायरची नक्षी नव्यासारखी असते आणि रबर मात्र आतून वाळलेले असते. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दुकानात काळ्या लेपाने चकाकणाऱ्या मालाचा जन्मदाखला हा असा त्याच्याच अंगावर कोरलेला असताना तो न वाचता पैसे मोजणारे व्यापारी, जे गव्हाच्या पोत्यात बंबी खुपसून दाणा पाहिल्यावाचून सौदा करीत नाहीत, ते पाहून नवल वाटते. जुन्या टायरांच्या बाजारात आणखी एक हातचलाखी चालते: गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरतात. ज्या टायरवर तो पुन्हा कोरण्याजोगा असल्याचे कारखान्याने छापलेले असते, त्यावरच हे करता येते. इतरांवर ते पाते तारांच्या जवळ पोहोचते. भिंतीवर आयएसआय चिन्ह नसेल तर पुढची बोलणीच करू नयेत, आणि पावतीवर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे पुढे तक्रारीचा प्रसंग आला तर कागद हाती राहतो.

नायट्रोजनविषयी थोडक्यात सांगायचे तर साध्या हवेतही 78 टक्के तोच वायू असतो. तो थोडा हळू झिरपतो आणि कोरडा असतो, एवढाच त्याचा लाभ. फुटण्यापासून तो अभय देत नाही.

शेवटची समजूत पंक्चरच्या दुकानातली, आणि सर्वांत घातक. बसलेल्या टायरवर दोन-चार किलोमीटर ओढत आणलेली गाडी दुकानाशी उभी राहते, पंक्चर निघते, आणि पोरगा रिमवर वाकून हवा भरू लागतो. ‘काही होत नाही, रोजचेच आहे’ असे मालक म्हणतो. ठरलेल्या दाबाच्या 80 टक्क्यांहून कमी हवेवर चाललेल्या टायरच्या भिंतीतल्या पोलादी तारा आतून तुटलेल्या असू शकतात, बाहेरून काहीही दिसत नाही, आणि हवा भरताना ती भिंत उसवल्यासारखी एका रेषेत फाटते. ट्यूबच्या टायरांत याहून जुना धोका आहे तो लॉक रिंगचा: ती नीट बसली नसेल वा गंजलेली असेल तर तोफेच्या गोळ्याच्या वेगाने उडते आणि समोरच्याला जागीच ठार करते. म्हणून असा टायर आधी रिमवरून उतरवून आतून तपासावा, रिंग घासून साफ करून बसवावी, चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, आणि वॉल्व्हला चिमट्याने अडकणाऱ्या लांब नळीने, काट्यावर नजर ठेवून, चाकाच्या समोर नव्हे तर बाजूला उभे राहून हवा भरावी. लोखंडाच्या या गावात असा पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून एका दिवसात करून मिळतो.